भाऊजी, तुमची बॅटरी उतरली नव्हती

भाऊजी, तुमचा मोबाईल माझ्याकडं आहे. तुम्ही गेल्याला आज बावीस दिवस झाले आणि एवढ्या दिवसांत मी तो एकदाही बंद पडू दिलेला नाही. ऊन वर आलं की सोलरची प्लेट मांडते, दुपारी मोबाईल लावते, दिवस कलला की काढते. तुम्ही करायचात तसंच. फोन येतच असतात. "बिरा, ऊस तुटलाय, रान मोकळं हाय, कवा बसवताय मेंढरं?" असं समोरचा विचारतो आणि मग मला सांगावं लागतं. तुमच्या मोबाईलमधली शेतकऱ्यांची नावं मी वहीत उतरून घेतली आहेत. ज्यांना सांगून झालं त्यांच्यापुढं खूण केली आहे. निम्म्याहून जास्त राहिलेत. मांडवगण फराट्याच्या आप्पांना सांगितलं तेव्हा पलीकडून काहीच आवाज येईना. रेंज गेली असं समजून मी दोनदा हॅलो म्हटलं. रेंज होती. आप्पा बोलत नव्हते.

ही यादी आज ना उद्या संपेल. एक गोष्ट मात्र मी कुठल्याच यादीत कधी घेतली नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या लेकीचा, आपल्या प्रतीक्षाचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा राहिला आणि पोरीचं एक वर्ष गेलं. ते तुमच्या मोबाईलची बॅटरी उतरली म्हणून गेलं, असं सगळा वाडा धरून चालतो. तीन बिऱ्हाडं, तीनशे मेंढरं आणि एक घोडी एवढा आपला वाडा, पण त्यात एकाही माणसाला याबद्दल शंका नाही. फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं की तसं काही झालं नव्हतं. तुम्ही बोलला नाहीत. मीही बोलले नाही. आता बोलायचं तर माझ्या एकटीच्याच तोंडून बोलायचं आहे, म्हणून आधी तुमच्याशी बोलते.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मिसरूड फुटायच्या वयाचे होता. मी शिरूरच्या शाळेत दहावी झालेली, आणि आले ती मेंढरांमागं चालायला. दिवाळी झाली की शिरूरच्या वरच्या कोरड्या अंगानं निघायचं, कारेगाववरून खाली उतरायचं, मांडवगण फराट्याला भीमाकाठ धरायचा, मग पलीकडं दौंडच्या हद्दीत उसाच्या रानांमधून कुरकुंभपर्यंत. ज्येष्ठात परत. पहिल्या वर्षी मला सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर आज आपण कुठं आहोत हे माहेरी कळवता येत नव्हतं. तुम्ही तेव्हा मला चिडवायचा, "वहिनी, चिठ्ठी लिवा की. पत्ता टाका, बाभळीखाली, उजव्या हाताला."

मोबाईल आला आणि वेगळाच व्याप सुरू झाला. मोबाईल घ्यायला काही लागत नव्हतं, तो जिवंत ठेवायला लागत होतं. मुक्कामाच्या गावात किराणा दुकानात नाहीतर पिठाच्या गिरणीत मोबाईल चार्जिंगला ठेवायचा आणि दोन तासांनी आणायला जायचं. दुकानदार चांगला असला तर ठीक. नाहीतर तो आपला काढून स्वतःचा लावायचा आणि तुम्ही परत यायचा ते एवढंसं तोंड करून. कोणत्या गावात कोण चार्जिंगला लावू देतो, कोण कुरकुरतो, हे मी वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागले. पुढच्या पानांवर मेंढरांची औषधं, कुठल्या शेतकऱ्याच्या रानात लेंडीखतासाठी मेंढरं कधी बसवायची, त्याबदल्यात कोणी किती धान्य कबूल केलं. मागच्या पानांवर लाईट आणि रेंज. वही तुमच्या दादांना आवडत नव्हती. मेंढरं वहीवर चालत नाहीत असं ते म्हणायचे. वाड्यात माझ्या बाजूनं बोलणारे तुम्ही एकटेच. तुम्हाला वाचायला धड येत नव्हतं, पण वहीत एकदा लिहिलं म्हणजे ते खरं, असं तुम्ही धरून चालायचा. त्याचं मला बरं वाटायचं. आता नाही वाटत.

आप्पांच्या विहिरीवरची गोष्ट आठवते? गावात कोणी चार्जिंगला लावू देईना, तर आप्पांनी स्टार्टरच्या पेटीतून लाईट घ्या म्हणून सांगितलं. पेटीत तीन तारा येतात. त्यातली एक घ्यायची आणि दुसरं टोक अर्थिंगला, हे तुम्हाला कोणीतरी दाखवलंही होतं. तुम्ही दोन्ही टोकं दोन तारांना लावली. फटाका फुटावा तसा चार्जर फुटला, काळा धूर आला, विहिरीवरची मोटार बंद पडली. मी बांधावर होते. तुम्ही जागच्या जागी उडालात, मग स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितलेत, दहाही बोटं आहेत का ते. आप्पा खळ्यातून ओरडत आले, "आरं बिरा, मोबाईल चार्ज करतोयस का मला हिरीत ढकलतोयस?" आणि तुम्ही अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणालात, "आप्पा, लाईट जरा जास्तच आली."

आप्पा हसले म्हणून निभावलं. पण मला त्या दिवशी रडू आलं होतं. तुम्हाला ते दिसलं असणार. कारण त्यानंतर तुम्ही शिरूरला एका रिपेअरवाल्याच्या दुकानात तीन दिवस जाऊन बसलात, त्याला चहा आणून दिलात, त्याचं दुकान झाडलंत आणि चौथ्या दिवशी प्लेट, मोटारसायकलची जुनी बॅटरी आणि वायरचं भेंडोळं घेऊन वाड्यावर आलात. प्लेट घोडीच्या पाठीवर, बिऱ्हाडाच्या वर बांधायची ही कल्पना तुमची. चालता चालता बॅटरी भरत जायची. मैनी घोडी पहिले दोन दिवस बुजली, मग तिला सवय झाली. कोकरांनी वायर चावून तोडली तेव्हा तुम्ही रानात पडलेले ठिबकच्या नळीचे तुकडे गोळा केलेत आणि वायर त्यातून ओवलीत. ती नळी अजून तशीच आहे. मी कालच पुसली.

कुरकुंभला रस्त्याच्या कडेनं चाललो होतो, पाळी सुटलेली, कंपनीतली माणसं घोळक्यानं उभी. त्यातल्या एका परप्रांतीय पोरानं मला विचारलं, "भाभी, घोड़े पे टीवी लगाया है क्या?" मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "टीवी नही है, ये हमारा वीज मंडळ है। घोड़ा सायब है, मैं वायरमन।" सगळे हसले. तो पोरगा मग पुलापर्यंत आपल्याबरोबर चालत आला. त्याचा मोबाईल आठ टक्क्यांवर होता, तो तुम्ही चालत्या घोडीवर वीस टक्क्यांवर नेऊन दिला.

मग ते टाळेबंदीचं वर्ष. प्रतीक्षाचं वसतिगृह बंद झालं आणि पोरगी ऐन दहावीत वाड्यावर आली. शाळा मोबाईलवर. तुमच्या दादांचं म्हणणं, वर्षभर शाळा नसली तर काय बिघडतंय. मी भांडले. तुम्ही भांडला नाहीत, तुम्ही मोबाईल हातात धरून निघालात. तुम्हाला तसं बघितलं की बायका हसायच्या. हात वर करून माणूस रानोमाळ हिंडतोय, दोन पावलं पुढं, एक मागं, मान वर. कालव्याच्या भरावावर रेंज, खाली नाही. पाण्याच्या टाकीच्या पाचव्या पायरीवर रेंज, तिसरीवर नाही. तुम्ही येऊन सांगायचा, मी लिहून ठेवायची. पुढच्या वर्षी त्याच गावात आलो की वही उघडून सरळ त्या जागेवर. ज्या रानात जमिनीवर रेंज लागायचीच नाही, तिथं तुम्ही तुमचा मोबाईल पाटीत ठेवून दोरीनं बाभळीच्या उंच फांदीवर चढवायचा आणि त्याचं हॉटस्पॉट चालू करून प्रतीक्षाला खाली दुसरा मोबाईल देऊन बसवायचा. पोरगी झाडाखाली गणितं सोडवतेय, मांडीवर एक कोकरू, डोक्यावर पाटी लटकतेय. एकदा कावळा पाटीत येऊन बसला आणि मोबाईलला टोच्या मारायला लागला. तुम्ही खालून काठी फिरवत होता आणि प्रतीक्षा ओरडत होती, काका हळू, बाई शिकवतायत. मी तुम्हाला म्हटलं होतं, ही रेंज म्हणजे मोठा जीव खाते. तुम्ही म्हणालात, "वहिनी, रेंज मेंढरावानी हाय. मागं लागलं की पळती. गप बसून ऱ्हायलं की येती आपसूक."

पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिनं बाईंना दिलेला नंबर तुमचा, शाळेत दिलेला नंबर तुमचा. नुसती तीच नाही, सगळ्या वाड्याच्या कागदांवर तुमचाच नंबर. रेशन, बँक, आधार, सगळं. कारण वाड्यात चोवीस तास चालू राहणारा मोबाईल एकच होता. तुमच्या लग्नाचं बघायला जायचो तेव्हाही तुम्ही हाच मोबाईल पुढं करायचा. पोरीकडचे पहिल्याच झटक्याला विचारायचे, मुलगा राहतो कुठं. आपल्याकडं त्याला उत्तर नव्हतं. तुम्ही म्हणायचा, "आज मांडवगण. उद्याचं वहिनींची वही बघून सांगतो. पण फोन कवाबी लावा, लागंल." फोन कोणी लावला नाही. दोन-तीन ठिकाणी तसं झाल्यावर तुम्ही तो विषयच बंद केलात आणि मीही पुढं रेटला नाही. त्याचीही रुखरुख आहे, पण आज ती नको.

आता ती गोष्ट.

प्रतीक्षा बारावीला होती. कारेगावला माझ्या बहिणीकडं खोलीवर राहायची. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म नेट कॅफेत बसून भरायचा, त्याचा ओटीपी तुमच्या मोबाईलवर येणार, तो तुम्ही तिला फोनवर सांगायचा, एवढंच काम होतं. शेवटची तारीख कोणती ते तिनं मला फोनवर सांगितलं. त्याच दुपारी भीमेपलीकडच्या शेतकरी मामांचा निरोप आला की त्यांच्या रानात कधी यायचं. एक होता शनिवार, एक सोमवार. मी दोन्ही एकाखाली एक लिहिले.

मी उलटे लिहिले, भाऊजी. वाडा हलवायचा शनिवारी आणि फॉर्म सोमवारी, असं लिहिलं. खरं तर फॉर्म शनिवारी होता.

शनिवारी सकाळी बिऱ्हाड बांधताना तुम्ही मला विचारलंत, "वहिनी, पोरीच्या फार्माचं आज तर काय न्हाई ना?" मी तुमच्यापुढं वही धरली. तुम्हाला ते अक्षर लागलं नसणार, पण तुम्ही मान हलवलीत आणि मेंढरांभोवतीची जाळी, वाघर, गुंडाळायला लागलात. मांडवगणला आपण होतो तिथं भरावावर पूर्ण रेंज होती. तिथं एक दिवस जास्त थांबलो असतो तरी काम झालं असतं. आपण नदी ओलांडून मामांच्या रानात गेलो, तिथं रेंजचं नाव नाही.

मामा बांधावर आले आणि म्हणाले, "सोमवारी येणार होता न्हवं? आजूक ऊस उभा हाय माझा." मी त्यांना सोमवार कोण म्हणालं असं उलट विचारलं. मग तुमच्या दादांना म्हटलं, मामांचं वय झालं, विसरतात. तुम्ही माझ्या शेजारी होता. मामांचा निरोप तुमच्याच मोबाईलवर आला होता, त्यांच्या आवाजात. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, तुम्ही दमलायत.

रविवारी दुपारी तुम्ही कालव्यावर चढलात आणि सगळे मेसेज एकदम आले. चार ओटीपी आणि प्रतीक्षाचे किती मिस कॉल होते ते मी मोजले नाहीत. शनिवारी दिवसभर पोरगी नेट कॅफेच्या बाकड्यावर बसून होती. तुम्ही परत आलात, मोबाईल तुमच्या दादांच्या हातात दिलात आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणालात, "दादा, माझी चूक हाय. बॅटरी उतरली व्हती काल."

ते तुम्हाला काय काय बोलले ते मी इथं परत सांगत नाही. मी तर वही उघडूनही बघितली नाही, त्यांच्याहून जास्त बोलले. तुम्हाला एक काम सांगितलं होतं, असं मी म्हणाले. चोवीस तास मोबाईल मिरवता आणि एका दिवसाला बंद, म्हणाले. तुम्ही खाली बसून वायरचं टोक सोलत होता. पोरीला तुम्ही स्वतः फोन करून सांगितलंत. ती फोनवर ओरडली आणि तुम्ही ऐकून घेतलंत.

पण भाऊजी, शनिवारी संध्याकाळी वाघर लावताना खुंट्या मी ठोकत होते आणि उजेड तुम्ही धरला होता. त्याच मोबाईलचा. हे मला दुसऱ्याच दिवशी आठवायला हवं होतं. आठवलं चार दिवसांनी, वहीचं पान उलटताना. मग मी तुमच्या मोबाईलमधला मामांचा निरोप ऐकला. सोमवारी या, असं मामा स्पष्ट सांगत होते. रेंज नव्हती म्हणाला असतात, तर शनिवारीच का हललो हा प्रश्न माझ्या वहीपर्यंत आला असता, म्हणून तुम्ही बॅटरी म्हणालात. मी वही मिटली. त्या दिवशी सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुमच्या दादांनी वही चुलीत घातली असती, कदाचित. वाड्यातल्या बायांना बोलायला झालं असतं. वाडा माझ्या वहीवर हलतो, याचा मला फार अभिमान होता आणि तो मी पोरीपेक्षा आणि तुमच्यापेक्षा वर ठेवला. याहून सभ्य शब्द मला सापडत नाहीत.

तुम्हाला कळलं होतं की मला कळलं आहे. पुढच्या मुक्कामाला निघायच्या आदल्या सकाळी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "वहिनी, वही जरा मोठ्यांदा वाचा. आमास्नी बी कळू द्या, कुठं आन् कवा." मी भडकले. मला शिकवू नका म्हणून तुम्हाला झिडकारलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात की मला वाचता येत नाही, कानानं तरी ऐकतो. तेव्हापासून निघायच्या आधी वही मोठ्यानं वाचायची आपल्या वाड्याची रीत पडली. दोनदा माझी चूक त्यातच सापडली. एकदा चुलत सासूबाईंनी पकडली, एकदा तुम्ही. सगळे म्हणायचे, बिरानं ही एक गोष्ट बरीक चांगली लावून दिली. मी मान खाली घालून वाचत राहायची.

ते वर्ष प्रतीक्षानं कारेगावजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला उभं राहून काढलं. तुम्ही दर आठवड्याला तिला फोन करायचा आणि सगळ्यात आधी ती विचारायची, "काका, चार्जिंग आहे ना?" तुम्ही दुसरी प्लेट घेतलीत. पुढच्या वर्षी फॉर्मच्या दिवसांत तुम्ही वाड्याबरोबर आलाच नाहीत, कारेगावला तिच्या खोलीच्या दारात मोबाईल हातात घेऊन तीन दिवस बसलात. फॉर्म भरला गेला, दौंडच्या कॉलेजात पोरगी लागली, आता दुसऱ्या वर्षाला आहे. पण वाड्यात तुमचं नाव पडलं ते पडलंच. कोणाकडून काही विसरलं की म्हणायचं, बिरासारखी बॅटरी उतरली काय. तुम्हीही म्हणायचा. सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच हसायचा. त्यामुळं मला वाटायचं, झालं, मिटलं.

मिटलं नाही हे मला तुमच्या दहाव्याला कळलं. भीमाकाठी सगळे बसलेले. प्रतीक्षा तुमच्याबद्दल सांगायला लागली, पाटी, बाभळ, कावळा. लोक रडता रडता हसत होते. मग ती म्हणाली, माझ्या काकानं मला शिकवलं आणि माझं एक वर्ष घेतलंही त्यानंच, एका दिवसाच्या बॅटरीनं. पण मी त्याला कधीच माफ केलंय. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी पत्रावळ्या वाटत होते. माफ केलंय, हा शब्द कानात बसला. जे तुम्ही केलंच नाही त्याची माफी पोरगी तुम्हाला सगळ्यांसमोर देत होती आणि मी वाढत होते.

परवा रविवारी ती वाड्यावर आली. आपण सध्या कुरकुंभच्या अलीकडं आहोत. मेंढरं चरत होती, आम्ही दोघी मागं चालत होतो. मी वहीतलं ते जुनं पान फाडून कमरेला खोचलं होतं. ते तिच्या हातात दिलं आणि सांगितलं. सगळं, मामांच्या निरोपासकट. तिनं पान दोनदा वाचलं.

"काकाला माहीत होतं?"

"हो."

"आणि त्याला माहीत आहे, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तीन वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत काय होता?"

आठवून बघितलं तर प्लेटवरची धूळ, रेंज, कोणत्या टाकीची कोणती पायरी, उद्या ढग आले तर बॅटरी पुरेल का, हेच आठवलं. तेच मी सांगितलं. ती पुढं निघून गेली आणि दुपारभर मेंढरांच्या पलीकडच्या अंगानं चालली. मी तिला हाक मारली नाही.

बसला जायच्या आधी ती चुलीपाशी आली आणि म्हणाली, बाबांना तू सांग, माझ्यासमोर सांग, मग मी जाते. तुमचे दादा भाकरी खात होते. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी वही मागितली नाही, ती चुलीतही घातली नाही. हातातला तुकडा परत ताटात ठेवला आणि म्हणाले, "बिराला म्या लई बोललो गं." मग उठून मेंढरांत गेले आणि काम नसताना एकेक कोकरू उचलून बघत राहिले. प्रतीक्षानं निघताना मला जवळ घेतलं नाही. फोन करीन म्हणाली. तिचा राग खरा आहे आणि तो आता योग्य माणसावर आहे, एवढं मी करू शकले.

वाड्यातल्या बाकीच्यांना काल सांगितलं. बॅटरीचं ते बोलणं आता कोणी बोलत नाही.

तुम्हाला मात्र सांगायचं राहिलं, भाऊजी. मांडवगण ते कुरकुंभ, कुठं उभं राहिलं की आवाज पोचतो, हे माझ्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. हे सांगायला त्यातली एकही जागा लागत नव्हती. तीन वर्षं रोज संध्याकाळी तुम्ही चुलीच्या पलीकडं बसलेले असायचा.